प्रतिकृतीवर नाव कोणाचे?

रंगीत छपाई स्वस्त झाली, छायाचित्रे हुबेहूब निघू लागली, आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासारख्या मातबर संस्थेने आपल्याकडील प्रताधिकारमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. एवढे झाल्यावर जुन्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृतींचा व्यवसाय आता आटोपणार, असा तर्क कोणीही केला असता. तो खोटा ठरला आहे. या खुल्या झालेल्या प्रतिमा हाच त्या व्यवसायाचा कच्चा माल बनला. कॅनव्हासवर तैलरंगांत, माणसाच्या हाताने काढलेली प्रत हवी असणारे गिऱ्हाईक आजही आहे. आणि त्या मालात एका जातीच्या चित्रांना कायम मागणी असते. पडक्या कमानी, अर्धे तुटलेले स्तंभ, त्यांवर उगवलेले गवत, खाली दोनचार गुरे आणि वर संध्याकाळचे पिवळसर आभाळ. अठराव्या शतकातील रोमच्या भग्नावशेषांची ही निसर्गचित्रे. त्यांत देवाधर्माचा प्रश्न येत नाही, नग्नतेचा संकोच नाही, कोणा राजाचा जयजयकार नाही. हॉटेलच्या दिवाणखान्यापासून दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहापर्यंत कोणत्याही भिंतीला ती चालतात. हेही त्यांच्या खपाचे एक कारण असावे.

या प्रतिकृतींविषयी सुशिक्षित समाजात दोन वृत्ती दिसतात. पहिली तुच्छतेची. नक्कल ती नक्कल, तिच्यात कला कसली, असे म्हणून हा वर्ग मोकळा होतो. दुसरी वृत्ती लपवाछपवीची. चित्र घ्यायचे, सोनेरी चौकटीत बसवायचे आणि पाहुण्याने विचारले तर ‘जुने आहे’ एवढेच बोलायचे. या दोन्ही वृत्तींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : अस्सल की नक्कल? वस्तुतः भग्नावशेषांच्या चित्रांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ज्यांना आज ‘मूळ’ म्हटले जाते त्या चित्रांचा इतिहास पाहिला, तर विचारायला हवा तो प्रश्न निराळाच निघतो. प्रत कोणी केली, कशावरून केली, आणि त्याचे नाव कोठे आहे?

जोव्हान्नी पाओलो पॅनीनी (१६९१-१७६५) हा या प्रकारातला सर्वांत यशस्वी चित्रकार. जन्म पियाचेन्झाचा, कर्मभूमी रोम. युरोपातील सरदारपुत्र शिक्षण पुरे करण्यासाठी त्या काळी इटलीची यात्रा करीत, आणि परतताना रोमचे एखादे चित्र बरोबर नेत. पॅनीनीचे गिऱ्हाईक ते हे. गिऱ्हाइकाला रोममधले सगळे काही एका चौकटीत हवे असे, आणि पॅनीनी ते देत असे. पँथिऑन, कलोसियम, ट्रेजनचा स्तंभ आणि मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा या प्रत्यक्षात शहराच्या वेगवेगळ्या भागांत असलेल्या वास्तू व शिल्पे तो एका पटांगणात आणून मांडी. अशा कल्पित रचनांचा एक स्वतंत्र चित्रप्रकारच रूढ झाला होता. तेव्हा ही चित्रे म्हणजे रोमचे जसेच्या तसे दर्शन, असे मानणारा मुळातच फसतो. वास्तू खऱ्या, त्यांचे शेजार खोटे.

एवढ्यावरच हे थांबत नाही. रोममधील फ्रेंच राजदूत काउंट द स्तँव्हील, म्हणजेच पुढे फ्रान्सचा मंत्री झालेला ड्यूक द श्वाझल, याच्यासाठी पॅनीनीने १७५७ च्या सुमारास ‘प्राचीन रोम’ आणि ‘आधुनिक रोम’ ही जोडचित्रे काढली. एका भव्य काल्पनिक दालनात छतापर्यंत चित्रे टांगलेली आहेत आणि त्या प्रत्येक चित्रात रोममधली एकेक वास्तू आहे. म्हणजे ही चित्रांचीच चित्रे होत. या जोडचित्रांच्या एकाहून अधिक आवृत्त्या पॅनीनीने स्वतः केल्या आणि आज त्या न्यूयॉर्क, बॉस्टन, स्टुटगार्ट आणि पॅरिस अशा चार शहरांत विखुरल्या आहेत. यांपैकी अस्सल कोणती? सगळ्याच अस्सल आहेत, कारण सगळ्यांवर हात एकाचा आहे. गिऱ्हाइकाने मागितले आणि चित्रकाराने पुन्हा काढून दिले. त्यात त्याला किंवा त्याच्या काळाला काही कमीपणा वाटला नाही. कलाकृती एकमेवच असली पाहिजे हा आग्रह पुढच्या काळात बळावला, आणि त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच बाजारभावही होता.

पिरानेसीने (१७२०-१७७८) तर प्रतींसाठीच काम केले. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली त्याची रोमची दृश्ये कागदावर छापून विकली जात आणि त्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या मुलांनी ते पत्रे वापरून छपाई चालू ठेवली. घरोघरी पोचलेल्या या छापचित्रांनी युरोपच्या मनात रोमची प्रतिमा तयार केली. ती प्रतिमा इतकी भव्य होती की, प्रत्यक्ष रोम तिच्यापुढे उणे पडू लागले. जर्मन महाकवी गटे याने प्राचीन स्नानगृहांचे अवशेष पाहिले तेव्हा पिरानेसीने मनात भरवलेला परिणाम त्याला प्रत्यक्षात सापडला नाही, अशी नोंद त्याच्या इटलीच्या प्रवासवर्णनात आहे. चित्राने स्थळावर मात केली. भग्नावशेषांच्या चित्रांची ही ताकद आहे आणि धोकाही हाच आहे.

पॅनीनीच्याच प्रभावाखाली रोममध्ये घडलेला फ्रेंच चित्रकार ह्यूबर रॉबेर (१७३३-१८०८) याला लोक ‘भग्नावशेषांचा रॉबेर’ म्हणूनच ओळखत. अकरा वर्षे त्याने रोममध्ये काढली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याला तुरुंगवास घडला, तिथे त्याने जेवणाच्या थाळ्यांवर चित्रे काढली. सुटकेनंतर लूव्र संग्रहालयाच्या व्यवस्थेत त्याला जागा मिळाली. ज्या इमारतीची देखभाल करायची त्याच इमारतीचे, ती भविष्यात उद्ध्वस्त झाली आहे असे कल्पून, त्याने १७९६ मध्ये चित्र काढले. लूव्रच्या मोठ्या दालनाचे छत कोसळले आहे, वर उघडे आकाश आहे, दगडमातीचे ढीग पडले आहेत आणि त्यांच्यामध्ये अपोलोचा एक पुतळा शाबूत उभा आहे. पुतळ्यापुढे एक तरुण चित्रकार बसला असून तो कागदावर त्याची प्रत उतरवून घेतो आहे. सगळे मोडले, पण प्रत करणारा उरला.

या चित्रातला अपोलो व्हॅटिकनमधला. १७९६ मध्ये तो पॅरिसला पोचलेलाही नव्हता. नेपोलियनच्या इटलीवरील स्वारीतील लूट म्हणून तो १७९८ मध्ये तिथे आणला गेला आणि नेपोलियनच्या पाडावानंतर परत पाठवावा लागला. शिवाय युरोपने शतकानुशतके सौंदर्याचा मानदंड मानलेला हा पुतळा स्वतःच एक प्रतिकृती आहे. ग्रीक काळातल्या एका ब्राँझच्या मूर्तीवरून रोमन काळात संगमरवरात केलेली ती प्रत असावी, असे अभ्यासक मानतात. मूळ ब्राँझ केव्हाच नाहीसे झाले. रोमन कारागिराने ‘नक्कल कशाला करू’ असे म्हटले असते, तर जगाला हा अपोलो दिसलाच नसता. त्या कारागिराचे नाव मात्र कोणालाही ठाऊक नाही.

मग प्रतिकृतीत दोष म्हणून काहीच नसतो काय? असतो, पण तो कुंचल्यात नसून सहीत असतो. सतराव्या शतकात रोममध्ये राहून प्राचीन अवशेषांसह निसर्गचित्रे काढणारा क्लोद लोरँ (मृत्यू १६८२) याला याचा चांगलाच अनुभव आला. त्याची चित्रे गाजू लागताच त्याच्या नावावर दुसऱ्यांची चित्रे विकली जाऊ लागली. तेव्हा त्याने एक वही केली. आपल्या हातून तयार होऊन गेलेल्या चित्रांचे रेखाटन तीत करायचे आणि ते कोणासाठी काढले याची टीप ठेवायची, असा त्याने शिरस्ता पाडला. ‘सत्याचे पुस्तक’ या अर्थाच्या लॅटिन नावाने प्रसिद्ध असलेली ही वही आज ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. गंमत अशी की, खोट्यापासून बचाव म्हणून केलेली ही वहीसुद्धा एका अर्थी प्रतिकृतींचाच संग्रह. आणि पुढे १७७७ मध्ये रिचर्ड अर्लम या इंग्रज कारागिराने तिचीही छापील प्रतिकृती काढली! परंतु क्लोद आणि अर्लम या दोघांच्या प्रतींत लबाडी नव्हती, कारण काय कशावरून केले आहे हे दोघांनीही उघड सांगितले होते.

लूव्रने हा विवेक नियमांत उतरवला आहे. १७९३ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले तेव्हापासून तिथे चित्रकारांना दालनात बसून प्रत करण्याची मुभा आहे; आरंभीच्या वर्षांत तर काही दिवस खास चित्रकारांसाठीच राखून ठेवलेले असत. आजही परवाना घेऊन, चित्रासमोर घडवंची मांडून प्रत करता येते. अट एवढीच की, प्रतीचा आकार मूळ चित्राइतका असता कामा नये आणि मूळ चित्रकाराची सही तिच्यावर उतरवायची नाही. बाजारात मात्र नेमके उलटे चालते. आकार मूळ चित्राइतका असल्याची जाहिरात केली जाते, सही हुबेहूब उमटवून मिळते आणि वर दोनशे वर्षांचे वय यावे म्हणून रंगाला कृत्रिम तडेसुद्धा पाडून दिले जातात. पॅनीनी १७६५ मध्ये गेला. भारतीय कायद्यानुसार लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार चालतो. तेव्हा त्याच्या चित्राची प्रत करण्यास कायद्याची आडकाठी असण्याचे कारण नाही. आक्षेप घ्यायचा तो तडे पाडण्याला.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. तो न पाहता प्रत करण्याचा होय. जुन्या तैलचित्राची प्रत करायची तर पायाभूत तपकिरी रंगापासून एकेक थर चढवत जावे लागते. दूरच्या डोंगरातला निळसरपणा, विटांच्या सांध्यांतली ओल, दगडावर तिरपे आलेले ऊन हे पातळ थरांवर थर देऊन साधते. छायाचित्रात हे सगळे थर एकाच सपाट पृष्ठावर चेपले जातात. छायाचित्रावरून काढलेली प्रत बहुधा मूळ चित्रापेक्षा एकतर भडक होते किंवा गढूळ. त्यातही मोठे चित्र लहान कॅनव्हासवर उतरवताना पहिली काट बसते ती माणसांना. रॉबेरच्या चित्रांत पडक्या देवळाच्या खांबांना दोरी बांधून धोबिणी कपडे वाळत घालतात, शेजारी शेकोटी पेटलेली असते, कमानीखाली गुरे बांधलेली असतात. ही माणसे बोटभर उंचीची. प्रतीत ती नुसत्या ठिपक्यांवर येतात किंवा गळूनच जातात. उरते ते एक गोड, रिकामे, निर्मनुष्य अवशेषस्थळ, आणि भिंतीवरच्या या प्रतीवरून भग्नावशेष म्हणजे निर्जन आणि उदास जागा अशी समजूत पक्की होते. वस्तुतः अठराव्या शतकात रोमच्या प्राचीन चौकाला लोक ‘गाईंचे मैदान’ म्हणत, कारण तिथे गुरांचा बाजार भरत असे. स्तंभ निम्मे मातीत गाडलेले होते. कलोसियम तर रानाने व्यापलेले होते. रिचर्ड डीकिन या इंग्रज वैद्याने १८५५ मध्ये त्या एका वास्तूत उगवणाऱ्या ४२० जातींच्या वनस्पतींची नोंद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे उत्खनन आणि डागडुजी करताना ते रान काढून टाकण्यात आले. आज रोमला जाणाऱ्या प्रवाशाला ते दिसणार नाही. ते या चित्रांतच उरले आहे. म्हणून प्रत करणाऱ्याने एखादे झुडूप किंवा धोबीण गाळली, तर तो शोभेची वस्तू गाळत नाही, पुरावा गाळतो.

प्रत करणाऱ्याच्या नावाचा हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. टॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी भारतात फिरून काढलेल्या दृश्यांची १४४ छापचित्रे १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. मंदिरे, मशिदी, किल्ले, घारापुरीची लेणी असे विषय त्यांत आहेत. जुन्या ग्रंथालयांत आणि कार्यालयांत आजही ज्यांच्या छापील नकला टांगलेल्या दिसतात, ती हीच चित्रे. त्यांची मूळ आवृत्ती छापली गेली आणि मग एकेका कागदावर हाताने जलरंग भरले गेले. म्हणजे ज्यांना आज अस्सल डॅनिएल म्हणून मोठी किंमत येते त्या हाताने रंगवलेल्या प्रतीच आहेत. रंग भरणाऱ्यांची नावे त्या कागदांवर नाहीत. या चित्रांवरून पुढे इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या निळ्या बशा निघाल्या आणि फ्रान्समध्ये झ्यूबेर यांच्या कारखान्यात भिंतीला चिकटवण्याचे चित्रमय कागद निघाले. अशा रीतीने भारतातले प्राचीन अवशेष युरोपीय कुटुंबाच्या जेवणघरात जाऊन बसले.

याच मालिकेत १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रे निघाली. ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केली होती. वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला, पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने पेशवे दरबारात कामे केली आणि १७९५ मध्ये तो वारला. मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी पुण्यात काम करणारा एक मराठी चित्रकार होता, गंगाराम तांबट. त्यानेही वेरूळची चित्रे काढली. लंडनच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर डॅनिएल आणि वेल्स यांची नावे आली. गंगारामाचे नाव सामान्य मराठी वाचकापर्यंत पोचायला फार काळ जावा लागला, आणि अजूनही ते पुरते पोचले आहे असे म्हणवत नाही. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तिथे मात्र ती त्याच्या नावाने नोंदलेली आहेत.

अजिंठ्याची चित्रे निसर्गचित्रे नव्हेत, तरी प्राचीन अवशेष हाताने उतरवून घेण्याचा सर्वांत मोठा उद्योग महाराष्ट्रात तिथेच झाला आणि त्याची हकीकत या संदर्भात सांगितलीच पाहिजे. मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये या कामी नेमणूक झाली. जवळजवळ दोन दशके खपून त्याने केलेल्या मोठाल्या तैलरंगी प्रती लंडनजवळ सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत बोटांवर मोजण्याइतक्या सोडून बाकी सर्व जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते काम नव्याने आरंभले. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे प्रती तयार झाल्या. त्यांतल्याही अनेक त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्या ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे. ज्या विद्यार्थ्यांनी लेण्यांतल्या अंधारात वर्षानुवर्षे काम केले, त्यांच्यापैकी पेस्तनजी बोमनजी पुढे स्वतःच्या बळावर नावारूपाला आले. बाकीचे अभ्यासकांपुरते राहिले.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. प्रत करताना रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश चढवण्यात आले, ते पुढे काळवंडले आणि त्याने चित्रांचे नुकसान केले. प्रतीच्या हव्यासाने मुळाला इजा पोचली. प्रतिकृतीचा कैवार घेणाऱ्याने हे लपवू नये. पण त्याचबरोबर हेही खरे की, दीडशे वर्षांत लेण्यांतल्या चित्रांचे जे जे खपले उडाले, पुसट झाले, त्याचा हिशेब आज याच प्रतींवरून मांडावा लागतो. मूळ कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिश याने पडक्या मठाच्या आवारातील हिमाच्छादित स्मशानाचे काढलेले चित्र १९४५ मध्ये बर्लिनमध्ये युद्धात नष्ट झाले. आज त्याचे काळेपांढरे छायाचित्र तेवढे आहे. एखाद्या चित्रकाराने मुळासमोर बसून त्याची एक रंगीत प्रत केलेली असती, तर आज तिच्यासाठी संग्रहालयांत चढाओढ लागली असती आणि तिला नक्कल म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते.

आज जगाला या प्रती पुरवण्याचे काम प्रामुख्याने चीनमध्ये होते. शेन्झेन शहरातल्या दाफेन या खेड्यात १९८९ मध्ये हाँगकाँगचा एक चित्रव्यापारी काही कामगार चित्रकार घेऊन उतरला आणि पाहता पाहता तिथे हजारो चित्रकारांची वसाहत झाली. खेड्यांतून आलेली तरुण मुले दिवसाला अमुक इतके कॅनव्हास या हिशेबाने काम करू लागली. एकाने आकाश रंगवायचे, दुसऱ्याने झाडे, अशीही वाटणी काही ठिकाणी होई. २००८ च्या आर्थिक मंदीत पाश्चात्त्य देशांतली मागणी घटली, तेव्हा या वस्तीला देशांतर्गत गिऱ्हाईक शोधावे लागले. याच वस्तीतील झाओ शियाओयोंग या चित्रकारावर २०१६ मध्ये एक अनुबोधपट निघाला. त्याने आणि त्याच्या कुटुंबीयांनी मिळून व्हॅन गॉगच्या चित्रांच्या सुमारे एक लाख प्रती केल्या, असे सांगितले जाते. मूळ चित्र मात्र त्याने एकही पाहिले नव्हते. अखेर पैसे जमवून तो ॲम्स्टरडॅमला गेला. आपली चित्रे एखाद्या प्रतिष्ठित कलादालनात विकली जात असतील, अशी त्याची समजूत होती. ती त्याला भेटवस्तूंच्या दुकानात टांगलेली दिसली आणि किंमत त्याला मिळणाऱ्या दामाच्या कितीतरी पट. मग तो संग्रहालयात मूळ चित्रांपुढे उभा राहिला आणि आपल्या प्रतींचे रंग तसे नाहीत हे त्याला उमगले. परतल्यावर त्याने स्वतःची चित्रे काढायला घेतली. आपल्या गावाकडची आजी काढली, आपली गल्ली काढली. त्याच्यासारख्याच कोणाच्या तरी हातची रोमची कमान पुण्या-मुंबईतल्या एखाद्या दिवाणखान्यात टांगलेली असणे अशक्य नाही.

नाव लिहिल्याने काय साधणार, गिऱ्हाइकाला पॅनीनी हवा असतो, प्रत करणाऱ्याशी त्याला काय करायचे आहे, असे व्यापारी म्हणतील. हा युक्तिवाद वरकरणी व्यवहारी वाटतो. पण गाण्याच्या मैफलीत तीच चीज दहा गवई गातात आणि श्रोता चीज कोणाची हे जितके विचारतो, तितकेच गातो कोण हेही विचारतो. चीज रचणाऱ्याचा त्यात अपमान होत नाही. चित्राच्या प्रतीलाही हाच न्याय लावता येईल. नाव आले की जबाबदारी येते. धोबिणी गाळल्या तर त्या कोणी गाळल्या हे कळते. नाव आले की चांगल्या हाताला जास्त दाम मागता येतो. आज तो मागता येत नाही, कारण गिऱ्हाइकापुढे सगळे हात सारखेच निनावी आहेत.

आपल्याकडच्या कलाशाळांनी आणि संग्रहालयांनी या बाबतीत संकोच सोडला पाहिजे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी औंधच्या टेकडीवर उभारलेल्या संग्रहालयात भारतीय चित्रांबरोबर पाश्चात्त्य नामवंतांच्या कलाकृतींच्या प्रतीही लावल्या. ज्यांना युरोप बघायला मिळणार नाही त्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाला त्या दिसाव्यात, ही त्यामागची दृष्टी असली पाहिजे. राजाला जे सुचले ते लोकशाहीतल्या संग्रहालयांना सुचू नये, हे चमत्कारिक आहे. विद्यार्थ्याला परवाना देऊन आठवड्यातून एक दिवस दालनात घडवंची मांडू दिली, तर संग्रहालयाचे काही बिघडत नाही. व्हार्निशची बाटली बाहेर ठेवायला लावली म्हणजे झाले. आणि ज्या विद्यार्थ्याने डॅनिएलच्या एका पानासमोर बसून महिनाभर घारापुरीचा एक खांब उतरवला, तो प्रत्यक्ष घारापुरीला गेल्यावर चित्रात काय बदलले होते ते सांगू शकेल. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला धडा मिळणार नाही.

प्रत विकत घेणाऱ्यानेही दुकानात एक मागणी करावी. कॅनव्हासच्या पाठीमागे एक पट्टी चिकटवून हवी : मूळ चित्राचे नाव व साल, ते आज कोणत्या शहरात कोणत्या संग्रहालयात आहे, त्याचा मूळ आकार, प्रत मुळावरून केली की छायाचित्रावरून, आणि ती करणाऱ्याचे नाव व गाव. या पट्टीला चौकटीच्या खिळ्याइतकाही खर्च येणार नाही. दुकानदार कुरकुरेल, सही पुढच्या बाजूला पॅनीनीचीच हवी ना, असेही विचारील. तेव्हा पुढची सही काढून टाकायला सांगावी आणि तडे नकोत हेही सांगावे.